बीटाचा आकडा उतरेपर्यंत

प्रिय वैशू,

तुझा मेसेज वाचला आणि फोन करण्याआधी लिहायलाच बसले. फोनवर आपण दोघी रडू आणि सांगायचं ते राहून जाईल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मिसकॅरेज होऊन दोन आठवडे झाले तरी गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा येतात, कारण तुझ्या रक्तात एचसीजी, म्हणजे गरोदरपणात तयार होणारं हार्मोन, अजून शिल्लक आहे. रिपोर्टवर 'बीटा' म्हणून येतो तो याचाच आकडा. परवाच्या रिपोर्टमध्ये ८६ आलाय ना? घरच्या पट्ट्या साधारण २०-२५ च्या पुढे रेघ दाखवतात. म्हणजे रेघ येणारच. ती नव्या गर्भाची नाही, राणी. आणि ती फिकी आहे का गडद, हे उजेडात धरून बघत बसू नकोस. लघवी किती दाट आहे यावरही तिचा रंग बदलतो.

गर्भ रुजला की ज्या पेशींची पुढे वार होते, त्या हे हार्मोन बनवायला लागतात. सुरुवातीला ते भराभर वाढतं, आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास सगळ्यात वर पोचतं आणि मग चांगल्या चाललेल्या गरोदरपणातही खाली येतं. पण कोणत्या आठवड्यात किती, याला इतकी मोठी मोकळीक आहे की रिपोर्टखालच्या त्या तक्त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. पाचव्या आठवड्यात एकीचा आकडा शंभरात असतो, दुसरीचा हजारांत, आणि दोघींची बाळं सुखरूप जन्माला येतात. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर बोलत नाहीत, ४८ तासांनी दुसरा मागतात.

तुझा १८४० चा दोन दिवसांत २१५० झाला तेव्हा तू मला आनंदाने कळवलं होतंस, 'वाढलाय गं!' वाढला होता, पण जेमतेम १७ टक्के. प्रत्येक वेळी दुप्पटच व्हायला हवा असं नाही, तरी १५०० ते ३००० च्या दरम्यान असताना दोन दिवसांत किमान ४० टक्के तरी वाढ अपेक्षित असते. तुझ्या डॉक्टर तेव्हा गप्प झाल्या त्या यामुळे. पुढे आकडा घसरायला लागला आणि रक्तस्राव सुरू झाला.

आता उतरण्याबद्दल. आकडा कुठवर चढला होता यावर तो उतरायला किती वेळ लागेल हे ठरतं. सुरुवातीला झपाट्याने पडतो, शेवटी शेवटी रेंगाळतो. कुणाचा काही दिवसांत ५ च्या खाली येतो, कुणाला चार ते सहा आठवडे लागतात. तुझा ८६ रेंगाळणाऱ्यांतला आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त तो खाली जात राहायला हवा. एकाच जागी अडकला किंवा परत चढायला लागला, तर आत काही अंश राहिलाय का, किंवा दुसरं काही आहे का, हे बघावं लागतं.

आणि इथे मी तुझ्यावर थोडी रागावणार आहे. 'आता कंटाळा आला, सुया टोचून घेणार नाही' असं लिहिलंयस. वैशू, तुझ्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी कुठेच दिसली नव्हती. त्यामुळे गर्भ गर्भाशयात होता की बीजवाहक नळीत, हे कुणालाच खात्रीने माहीत नाही. बहुधा गर्भाशयातच असेल. पण नळीत असला, तर आकडा उतरत असतानाही नळी फुटू शकते. म्हणूनच डॉक्टर शून्याजवळ जाईपर्यंत सोडत नाहीत. एका बाजूला जोराची कळ आली, खांद्याच्या टोकाशी दुखलं, चक्कर आली, तर सकाळची वाट बघायची नाही, अर्ध्या रात्रीही निघायचं. तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप आला, घाण वास यायला लागला, तरीही तसंच. हे समीरलाही वाचायला दे, मी मुद्दाम इतकं स्पष्ट लिहितेय.

तपासणी त्याच लॅबमध्ये कर. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात, आणि ८६ चा दुसरीकडे ९५ आला तर उगाच तुझी रात्र जायची. केसांसाठी त्या बायोटिनच्या गोळ्या घेतेस ना? ते लॅबमध्ये आधी सांग, काही चाचण्यांत त्याने आकडा चुकतो. आणि तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, तेव्हा अँटी-डी इंजेक्शनचं (निगेटिव्ह गटाच्या बाईला पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) डॉक्टरांनी काय ठरवलं, तेही विचारून घे.

पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते. बीज त्याआधी सुटतं, अगदी दोन आठवड्यांतही, म्हणून आत्ता लगेच नको असेल तर काळजी घ्या. हवं असेल तरी आधी आकडा शून्याजवळ येऊ दे. नाहीतर पुढच्या वेळी पट्टीवर रेघ आली की ती जुनी की नवी, हेच कळायचं नाही.

जिने चढलीस म्हणून झालं, ऑफिसच्या प्रवासाने झालं, असं कोण कोण म्हणालं ते तू लिहिलंयस. मला वाचून संताप आला. इतक्या लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतच गडबड असते, गर्भ रुजण्याआधीच ठरलेली. तुझ्या जिन्यांचा, प्रवासाचा, त्या दिवशी उचललेल्या बॅगेचा यात काही संबंध नाही. तुझ्या शरीराने त्या गर्भासाठी जे करायचं ते सगळं केलं, आणि तुला त्याचा लळा लागला होता हेही खरं आहे. 'इतकंसं तर होतं' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला तू बांधील नाहीस.

पट्ट्या उरल्या असतील तर समीरला ठेवायला दे. पुढचं रक्त ज्या दिवशी द्यायचंय तो दिवस मला कळव, मी येते, लॅबमध्ये तुझ्या शेजारी बसते. रिपोर्ट आला की एकटीने उघडू नकोस.

तुझीच,
मृणाल