फ्लेक्सवर न आलेली मुले

सैनिक शाळा प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवले नाही. सहावीसाठी ३०० गुणांची परीक्षा, त्यातले १५० एकट्या गणिताचे. आमच्या चिरंजीवांची गाडी तिथेच अडली. साताऱ्यात १९६१ पासून ही शाळा, त्यामुळे "किती पडले?" हा प्रश्न वाण्याच्या दुकानातही चुकत नाही. क्लासच्या फ्लेक्सवर फक्त निवड झालेल्यांचे फोटो. बाकीच्यांच्या पालकांना निदान एक फोन तरी करावा! चिरंजीव मात्र परीक्षेत उत्तरांचे गोळे रंगवायच्या त्याच काळ्या पेनाने वहीत विमान काढत बसले होते. नववीला पुन्हा परीक्षा देता येते, हे आम्हाला क्लासने नव्हे, भाजीवाल्या मावशींच्या नातवाने सांगितले.

– एक पालक, सातारा