तुझे दोन व्हॉल्व

प्रिय बंड्या,

स.न.वि.वि. म्हणजे शिव्या न देता विनंती विशेष. गणपतीपासून तुझे तीन फोन मी उचलले नाहीत. बीपी ठीक, गुडघा होता तिथेच आहे, हिचा मोतीबिंदू उरकला. तेव्हा आजारपण हे कारण नाही. कारण असं की, जाताना तू माझ्या हवाली केलेल्या ट्रान्समीटरच्या चार ८०७ व्हॉल्वांपैकी दोन मी भंगारात दिले.

पाणी पी. पुढचं सांगतो.

जुलैत सुरू झालं. सकाळी साडेसातला हॅम रेडिओच्या चाळीस मीटर बँडवर (तोच आपला सात मेगाहर्ट्झ) बसलो की पहिली पंधरा-वीस सेकंदं झकास. पावणेदोनशे वॉट, समोरचा ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे खणखणीत ऐकू येतंय, म्हणतोय. मग प्लेट करंटचा काटा हळूच वर सरकायला लागायचा, पॉवर साठावर यायची आणि मधल्या दोन व्हॉल्वांचे अ‍ॅनोड, म्हणजे आतल्या प्लेटा, इस्त्रीवाल्याच्या कोळशासारखे लाल. ट्यून-लोडच्या मुठी फिरवून पुन्हा डिप काढला, म्हणजे काटा किमानावर आणला, की आणखी वीस सेकंदं संसार सुखाचा. दुपारी ऊन पडलं की त्रास कमी, रात्री पाऊस झाला की सकाळी हमखास.

आता इथे तुझ्यासारख्याच्या डोक्यात ट्यूब पेटली असती. माझ्या नाही पेटली. मी अ‍ॅम्प, म्हणजे ते व्हॉल्ववालं पॉवर वाढवायचं खोकं, बायपास केला, नुसत्या रिगने (मूळ रेडिओ सेटने) चाळीस वॉटवर तासभर गप्पा मारल्या, काही झालं नाही. शिवाय पुढून किती पॉवर परत येते ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर सदोदित १.२ दाखवत होता, म्हणजे जवळजवळ काहीच परत येत नाही. म्हणजे अँटेना निर्दोष, म्हणजे अ‍ॅम्प दोषी. हे गणित मला इतकं पटलं की दोन महिने मी त्यावर अंडी उबवत बसलो. कपलिंग कपॅसिटर बदलला. रिलेचे कॉन्टॅक्ट व्हिजिटिंग कार्डाच्या पट्टीने घासले (कार्ड तुझंच, निवृत्तीआधीचं, त्याचा एवढा तरी उपयोग झाला). चोक काढून पुन्हा गुंडाळली. ही म्हणाली, त्या खोक्याला एकदा दृष्ट तरी काढून टाका. तेही केलं असतं.

शेवटी मास्तरांकडच्या चहाला सगळ्यांसमोर मी म्हणालो की बंड्याने जुन्या बाजारातला मेलेला माल माझ्या गळ्यात मारलाय. मास्तरांनी बिस्किट बुडवता बुडवता विचारलं, “डमी लोड लावून बघितलंस?” म्हणजे अँटेनाऐवजी नुसते रेझिस्टर जोडून. मी म्हटलं, त्यात काय बघायचंय! मास्तरांचा तो प्रश्न मूळचा तुझा आहे, तीस वर्षं ऐकतोय, म्हणूनच मी तो ऐकला नाही. घरी आलो, लाल होणारे दोन्ही व्हॉल्व उपटले आणि दुसऱ्या दिवशी रद्दी आणि गळक्या कुकरबरोबर भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवले. रागात होतो रे.

रविवारी जुन्या बाजारातून दुसरे दोन आणले. लावले. वीस सेकंदं. लाल.

तेव्हा कुठे माळ्यावरून तुझा तो ऑइलपेंटचा डबा काढला. एक किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर, वर ट्रान्सफॉर्मरचं तेल, झाकणावर तुझ्या अक्षरात ‘५० ओहम, उचलताना तिरका धरू नये’. मी तिरका धरला. लेंगा गेला. पण त्या डब्यावर अ‍ॅम्प तीन मिनिटं सलग चालला, काटा जागचा हलला नाही, चारही अ‍ॅनोड गार काळे. मी स्टुलावर बसून राहिलो.

आणि मग नजर मीटरकडे गेली. तो रिग आणि अ‍ॅम्प यांच्या मध्ये होता, बंड्या. अ‍ॅम्पच्या पुढे नव्हता. तो मला दोन महिने अ‍ॅम्पच्या इनपुटचा १.२ दाखवत होता आणि मी तो अँटेनाचा समजत होतो. काढून पुढे लावला. सुरुवातीला १.३, आणि वीस सेकंदांनी काटा सरळ तीनच्या पार.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाइप आडवा केला. तोच पाइप, ज्याच्या टोकाला डिसेंबर २००४ मध्ये आपण अंदमानहून व्हीयू-फोर या कॉलसाइनने बोलणाऱ्या हॅम मंडळींसाठी तार बांधली होती. आधी त्यांना पकडायला घसा बसेपर्यंत ओरडलो आणि २६ तारखेच्या त्सुनामीनंतर एक शब्द न बोलता पोर्ट ब्लेअरहून येणारे निरोप ऐकत बसलो. असो. तारेला मधोमध केबल जोडतो ती सेंटरची डबी हातात घेतली. आठवतं ना भांडण? तू म्हणत होतास, पाणी आत जाणारच, खालून भोक ठेव, त्याला बाहेर पडायला वाट दे. मी चारी बाजूंनी एपॉक्सी थापली आणि आपण चार दिवस बोललो नाही. डबी फोडली तर आत अर्धी वाटी तपकिरी पाणी आणि एक मेलेला मुंगळा. केबलच्या बाहेरच्या जाळीचा सांधा चार-पाच तारांवर लोंबकळत होता, भोवती काजळी. चाळीस वॉटला तेवढ्या तारा पुरत होत्या. पावणेदोनशेला तो तापून ठिणग्या मारत होता. कोॲक्स केबल वीतभर कापली तर आतली जाळी काळी. आणखी कापली, काळीच. अडीच फुटांवर तांबं दिसलं.

आता डबीला खाली दोन भोकं आहेत, सांधा नीट डागलाय आणि खाली चार इंची पाइपवर कोॲक्सचे बारा वेढे टाकलेत, जाळीच्या बाहेरून घरात उलटा येणारा करंट अडवायला. काटा १.३ वर चिकटलाय. शिवाय खालच्या काकूंची बेल मी बोलायला लागलो की वाजायची आणि त्या रोज दार उघडून जिन्यात कुणीच नाही बघून स्तोत्र म्हणायच्या, तेही थांबलं. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. समांतर जोडलेल्या व्हॉल्वांत ज्यांच्यात दम जास्त, तेच जास्त करंट ओढतात आणि आधी लाल होतात. म्हणजे मी टाकले ते दोघे चौघांतले सर्वांत चांगले होते. भंगारवाल्याला गाठलं, तर तो म्हणाला, काच काचेत गेली, काका. तेव्हापासून रविवारी जुन्या बाजारात हिंडतोय. एक मिळालाय. दुसऱ्याचं बुड हलतंय म्हणून घेतला नाही.

चिनूचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. हॉल मिळाला का? वहिनींना नमस्कार. बेंगळुरूच्या चौदाव्या मजल्यावर सोसायटी तार लावू देत नाही म्हणालास, तर काळी बारीक वायर रात्री बाल्कनीतून सोड आणि सकाळी गुंडाळ. पतंगाच्या मांज्याएवढी दिसते, कुणी विचारलं तर मोरांसाठी म्हण.

रविवारी साडेसातला सात मेगाहर्ट्झवर असेन, नुसता ऐक तरी. शिव्या द्यायच्या तर त्याआधी फोनवर दे, यावेळी उचलीन. हवेवर नको, दोघांचंही लायसन्स जाईल.

तुझा,
नान्या