बेटा मासा शोपीस नाही हो

संपादक महोदय,
सध्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून बेटा मासा (तोच तो रंगीत फायटर फिश) द्यायचं फॅड आलंय, माझ्या मुलीलाही मिळाला, काचेच्या एवढ्याशा बरणीत, आणि दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे की याला जागा लागतच नाही. आठ दिवसांत गेला बिचारा. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट.

बेटा वरती येऊन हवा घेऊ शकतो म्हणून तो कमी ऑक्सिजनमध्ये तगतो, पण घाण पाण्यातला अमोनिया त्यालाही मारतोच ना! निदान २० लिटरची टाकी, छोटा फिल्टर आणि पाणी २५-२७ डिग्री हवं, पुण्याच्या थंडीत हीटर लागतोच.

सोबतीचं म्हणाल तर दुसरा नर बेटा अजिबात नको, मारामारी ठरलेली. गप्पीची रंगीत शेपटी बघून पण तो चवताळतो, आणि टायगर बार्ब मासे उलट त्याचेच पर कुरतडतात. आम्ही आता नवीन बेटासोबत नेराइट गोगलगाय ठेवलीय, मस्त चाललंय, टाकी मात्र आधी महिनाभर फिल्टर लावून तयार केली.

दुकानदारांनी एवढं तरी विकताना सांगावं, आणि आईबाबांनी जिवंत प्राणी गिफ्ट देण्याआधी समोरच्याला विचारावं.

– एक आई, पुणे