‘हेल’ म्हणजे गारा नव्हे

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

माझी भाची बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये सेन्शर, रेब्यूक, रेप्रिमांड, कन्डेम या चारही शब्दांपुढे एकच अर्थ छापलाय, ‘निंदा करना’. असं पाठ करून पोरीला काय कळणार सांगा?

म्हणून दिवाळीपासून आम्ही रोज सकाळी पोहे खाता खाता एक इंग्रजी पेपर आणि एक तुमचा, दोन्ही शेजारी ठेवून वाचतो. तिच्या हातात पेन्सिल, कौतुकाचा शब्द आला की गोल आणि कुणाला बोलणी बसली की खाली रेघ. आणि खरं सांगते, नेमका अर्थ तुमच्या हेडिंगमध्येच सापडतो. हायकोर्टाने नगर निगमला ‘पुल्स अप’ केलं तिथे तुम्ही ‘फटकारलं’ लिहिता, स्ट्रिक्चर्स म्हणजे ताशेरे, ग्रिल म्हणजे धारेवर धरणं. रेप्रिमांड वरचा अधिकारी खालच्याला करतो, आपली कडक समज, तर सेन्शर म्हणजे सभागृहाने ठराव करून ठेवलेला ठपका, आणि कन्डेम म्हणजे जाहीर निषेध, मग ते एकच कसे? स्लॅम, रॅप हे कडक टीकेचे छोटे शब्द अरुंद कॉलममध्ये मावतात म्हणून हेडिंगमध्ये दिसतात, निबंधात लिहू नकोस हे तिला दहादा सांगितलंय.

कौतुकाचं तर वेगळंच. 2025 मध्ये आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारच्या कप्तानीत बेंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हाचं कात्रण मी जपून ठेवलंय, त्यातल्या ‘हेल’चा अर्थ जाहीर कौतुक करणं, पण त्यापुढे तिने ‘गारा’ लिहिलं होतं, डिक्शनरीत आधी तोच अर्थ मिळाला म्हणून. फुलसम प्रेज तर फसवंच, वाटतं भरभरून कौतुक, पण बरेचदा ती तोंडपूजा असते. आणि सॅन्क्शन? बजेट सॅन्क्शन झालं तर मंजूर, देशावर सॅन्क्शन लागले तर निर्बंध!

पण मला खरं लागलं ते वेगळंच. परवा तिने विचारलं, “मावशी, ताशेरे म्हणजे काय गं?” इथली आपली मुलं हिंदी नाहीतर इंग्लिश मीडियमची, मराठी फक्त घरात बोलण्यापुरती, त्यांना कानउघाडणी, खरडपट्टी, ठपका हे शब्द कुठे भेटणार? तेव्हा विनंती आहे की आठवड्यातून एकदा बातमीतलाच एक इंग्रजी शब्द आणि त्याच्या वजनाचा मराठी शब्द, वाक्यासकट छापा. जागा नसेल तर शब्दकोड्याच्या खाली चार ओळीही चालतील.

– एक वाचक, रामबाग, इंदूर