दाराबाहेरच्या चपला

पाचगणी
१३ एप्रिल २०२६

चि. मनू हिस,
अल्लाहु-अब्हा आणि अनेक आशीर्वाद.

परवा लाइन गेली की तू फोन ठेवलास, हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, ठेवला. म्हणून पत्र लिहितोय, इथे तुला मध्येच तोडता येणार नाही.

तू रिझवानची, म्हणजे आपल्या बहाई सणाची, प्रार्थनासभा घरी दुपारी तीनला ठेवलीस. मला एवढंच म्हणायचं होतं की २१ तारखेला मंगळवार आहे. नागपुरात एप्रिलच्या दुपारी तीनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. तुझ्या बिल्डिंगमधली माणसं एक तर ऑफिसात असतील, नाहीतर कूलरपुढे आडवी. आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणजे सोमवारी दिवेलागणीलाच रिझवानचा पहिला दिवस लागलेला असेल, तेव्हा ठेव म्हणालो, तर तू म्हणालीस, "बाबा, बहाउल्लाह बागेत दुपारी गेले होते." गेले होते, आपले धर्मसंस्थापक, १८६३ साली, बगदाद सोडायच्या वेळी. निरोप द्यायला जमलेल्या बगदादकरांना बायोमेट्रिक हजेरी नव्हती.

सोमवारी संध्याकाळी तिथल्या बहाईंच्या नऊ जणांच्या स्थानिक सभेचं मतदान आहे हे माझ्या डोक्यातून गेलं होतं, आईने आठवण केली. मग राहू दे तीनच. नऊ नावं शांतपणे विचार करून लिही आणि कुणाची लिहिलीस ते आम्हालाही सांगू नकोस. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

मी चपला मोजतो, हे तुझं म्हणणं खरं आहे. तुला ते वर्ष आठवतं का, रिझवानलाच वळवाने झोडपलं आणि घाटात झाड पडलं? आईने चाळीस जणांचा शिरा केला होता. दाराबाहेर पाच जोड. चार आपले, पाचवा गॅसवाल्याचा. तो सिलिंडर द्यायला आला आणि आजीने त्याला बसवूनच घेतला. वाच म्हटलं तर म्हणाला, वाचता येत नाही, अभंग येतो. अण्णांनी पेटीवर सूर दिला. त्याचा आवाज असा लागला की आई शिऱ्याचा झारा हातात घेऊन दारातच उभी राहिली. मग तू, सहा वर्षांची, परकराला हात पुसून पुढे आलीस आणि आपली प्रार्थना त्याच्याच चालीत म्हटलीस. कुणी शिकवलं नव्हतं. तसलं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही, तुझ्या कॉलेजच्या बक्षिसाच्या वेळीही नाही. पण सांगायचं ते हे, की त्या रात्री मी चपलाच मोजत होतो.

पेटी नाही म्हणून अडून बसू नकोस. दिल्लीच्या कमळमंदिरात तर आत वाद्य नसतंच, नुसता गळा. घरी मात्र टाळ वाजले तर वाजू देत. खालच्या काकू पोथी घेऊन आल्या तर पहिलं वाचन त्यांचं. कुणी पाकिटात एकशे एक रुपये घालून आणलं तर हात जोडून परत दे. आपल्या निधीत बहाईंखेरीज कुणाचे पैसे घेत नाहीत, हे हसत सांग, नाहीतर माणूस दुखावतो. पेढे आणले तर घे. आणि तुमचे भटजी कोण, असं कुणी विचारलंच तर आपल्यात भटजी नाहीत एवढं सांग, तिथे प्रवचन नको.

झालं, मीच प्रवचनाला लागलो. माफ कर.

गुलाबांचा उतारा वाचणार असशील तर सावकाश वाच. माळी पहाटेच्या आत बागेच्या चारही वाटांवरचे गुलाब तोडून तंबूत मधोमध ढीग लावायचे. ढीग एवढा, की समोरासमोर बसलेल्यांना एकमेकांची तोंडं दिसेनात. मग बहाउल्लाह तेच गुलाब शहरातल्या अरब आणि इराणी मित्रांकडे पाठवायचे. ज्यांना गाव सोडून जायचा हुकूम आला होता, ते फुलं वाटत होते. अण्णांचा आवाज इथे दर वर्षी अडकायचा, आणि ते चष्मा पुसायचं निमित्त काढायचे.

हे लिहिता लिहिता सुचलं. बर्डीवरून गुलाब सकाळीच आण आणि ओल्या फडक्यात ठेव. दुपारी ते माना टाकतील, त्याच्या आत प्रत्येक मजल्यावर दारोदारी एकेक देऊन ये. यायचं तर या, नाही जमलं तरी फूल तुमचं, असं सांग. परवा हे सुचलं असतं तर तुझ्या रजेवरून मी काहीतरी बोललो नसतो. रजा घेतलीस ते बरंच केलंस. साहेबाला सणाचं नाव सांगून घेतलीस, हे आईने शेजारी तीन घरी सांगितलंय.

खरं सांगू? रात्री मला दिसतं ते असं: सतरंज्या अंथरलेल्या, पन्ह्याचे पेले झाकून ठेवलेले, तू भिंतीला टेकून बसलेली आणि नुसता कूलरचा आवाज. बाकी काही नाही. एवढ्यासाठी मी फोनवर ओरडलो.

स्ट्रॉबेरी आता संपत आली, क्रशच्या दोन बाटल्या बसने पाठवल्यात. अण्णांची जुनी सतरंजीही त्यातच आहे, ती दाराजवळ घाल.

मंगळवारी मी फोन करणार नाही. साडेचारला आई करेल.

तुझा
बाबा