यंत्रमानव येईल तेव्हा येईल, आधी घोटभर पाणी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला शस्त्रक्रियेतील नव्या संशोधनावरचा पानभर लेख वाचला. यंत्रमानवी हात, रक्तदाब कोसळण्याआधीच इशारा देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, सर्जनच्या चष्म्यात तरंगणारी त्रिमिती चित्रे, काही म्हणता काही राहिलेले नाही. लेखकाने मेहनत घेतली आहे, छायाचित्रेही सुबक आहेत. तक्रार नाही. फक्त ‘आता रुग्ण केंद्रस्थानी’ हे उपशीर्षक वाचून घशाला कोरड पडली. ती कोरड कशी असते हे आमच्या घरात अजून ताजे आहे.

माझ्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली. ठरवून केलेली, तातडीची नव्हे. आदल्या रात्री सिस्टर येऊन सांगून गेल्या, “बारानंतर काही नाही. पाणीसुद्धा नाही.” पलंगाच्या पायथ्याशी ‘एनबीएम’ची, म्हणजे तोंडावाटे काही द्यायचे नाही अशी, पाटी लागली. सकाळचा नंबर दुपारवर गेला, मध्ये एक इमर्जन्सी आली, दुपारची संध्याकाळ झाली. पाटी तिथेच. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटायला लागली, डोके ठणकू लागले. ओल्या कापसाने ओठ पुसायची परवानगी मिळाली, तीही ‘गिळू नका हं’ अशी तंबी देऊन. सलाईन लावायला आलेल्या मुलाला शीर सापडेना. एका हातावर टोचून झाले, मग दुसऱ्या हातावर. वर तोच म्हणाला, “शिरा फारच बारीक आहेत तुमच्या.” बारीक कशा नसतील? आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही अंगात!

आता आपल्या लेखकमहाशयांना विचारतो, या विषयावर संशोधन व्हायचे राहिले आहे का? १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञाने ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून एक निबंध लिहिला. भूल दिलेली असताना पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले, अशी ६६ प्रकरणे त्याला सापडली. त्यांतले दोन मृत्यू घन अन्नाने श्वासनलिका बंद झाल्यामुळे झाले होते, पाण्यामुळे नव्हे. आणि बाळंतकळांमध्ये पोट मुळातच सावकाश रिकामे होते. पण या निबंधाचा धाक एवढा बसला की अन्न आणि पाणी एकाच दावणीला बांधले गेले, आणि ‘रात्री बारानंतर काही नाही’ हे ब्रह्मवाक्य झाले.

मग १९८६ साली कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी सरळ करूनच पाहिले. काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या अडीचेक तास आधी १५० मिलिलिटर पाणी दिले, बाकीच्यांना कोरडे ठेवले. पाणी प्यायलेल्यांच्या पोटात उलट कमीच द्रव निघाला. आश्चर्य वाटण्यासारखे त्यात काही नाही. पाणी पोटात तुंबून राहत नाही, निम्मे तर साधारण वीस मिनिटांत पुढे सरकते. त्यानंतर चाचण्यांमागून चाचण्या झाल्या. २००३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात अशा २२ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, आणि पाणी दिल्याने धोका वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ सालीच लिहून ठेवले की निरोगी माणसाला ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेला रस चालेल. हलके खाणे सहा तास आधी थांबवा. ही कालमर्यादा पुढच्या प्रत्येक आवृत्तीत कायम आहे. लहान मुलांसाठी तर युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांनी २०१८ साली ती एका तासावर आणली.

म्हणजे ज्या वर्षी दोन तासांचा हा नियम छापला गेला, त्या वर्षी जन्मलेली मुले आज स्वतः डॉक्टर होऊन वॉर्डात फिरत आहेत. पाटी मात्र रात्री बारालाच लागते.

का, हेही मी वॉर्डात विचारले. उत्तर प्रामाणिक होते, “लिस्ट पुढेमागे होते हो. वरचा पेशंट कॅन्सल झाला तर तुमचा नंबर आधी लागेल. मग पाणी प्यायलात म्हणून थांबायचं का आम्ही?” अडचण खोटी नाही, मान्य. पण तिच्यावरही तोड निघाली आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रुग्णालयाने थिएटरमधून बोलावणे येईपर्यंत थोडे थोडे पाणी पिऊ देण्याची पद्धत सुरू केली. तासाला एक लहान पेला, बस. लिस्ट कितीही पुढेमागे होवो, कोणाचा खोळंबा नाही. ब्रिटनमधल्या इतर अनेक रुग्णालयांनी ती उचलली आहे. याला ना यंत्रमानव लागतो ना चष्मा. लागतो एक पेला. कदाचित म्हणूनच आपल्या पानभर लेखात त्याला ओळभरही जागा मिळाली नसावी.

ज्यांना खरोखर जपायला हवे, अशी माणसे आहेतच. आतडे अडलेला रुग्ण, बाळंतकळा सुरू झालेली बाई, तातडीच्या शस्त्रक्रियेला आलेला अपघातग्रस्त. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. आणि गंमत अशी, की माझी पत्नीही एका अर्थाने जपण्यातलीच होती. मधुमेहासाठी ती आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेते. या औषधाने पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, कधी कधी रात्रभर उपाशी राहूनही अन्न शिल्लक असते. २०२३ साली अमेरिकेतल्या त्याच संघटनेने सल्ला दिला की आठवड्याला घ्यायचा डोस शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधी थांबवावा. २०२४ साली इतर संघटनांसह तो सुधारून सांगितले की बहुतेकांना औषध चालू ठेवता येईल, पण प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार करा, धोका जास्त वाटला तर आदल्या दिवशी फक्त पातळ आहार द्या. घाईने दिलेला सल्ला दीड वर्षाच्या आत तपासून बदलला, याला मी संशोधन म्हणतो. पण वॉर्डात हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. रक्तगट विचारला, खोटे दात विचारले, बांगड्या काढायला लावल्या. इंजेक्शनचे कोणी विचारले नाही.

विचारले ते थेट थिएटरच्या दारात, भूलतज्ज्ञ बाईंनी. उत्तर ऐकून त्या क्षणभर थांबल्या, सोनोग्राफीचे यंत्र मागवले, बरगड्यांच्या खाली प्रोब टेकवून पोट रिकामे असल्याची खात्री करून घेतली आणि मगच पुढे गेल्या. जाता जाता वॉर्डच्या सिस्टरना एवढेच म्हणाल्या, “पाणी का बंद ठेवलंत इतका वेळ?” सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, सगळ्यांचंच ठेवतो.” त्या बाईंबद्दल मनात आदरच आहे. राग आहे तो ‘सगळ्यांचंच ठेवतो’वर. जपायचे कोणाला हे शोधायचे कष्ट नकोत, म्हणून सरसकट सगळ्यांनाच कोरडे ठेवायचे!

विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘नव्या तंत्राने गुंतागुंत निम्म्यावर’ असे आपण चौकटीत ठळक छापले आहे. कशाच्या निम्म्यावर? शंभरात वीसवरून दहा झाली तरी निम्मी, हजारात दोनवरून एक झाली तरी निम्मी. किती रुग्ण, किती काळ पाहिले, तुलना कशाशी, यांतले एकही त्या पानावर नाही. आणि ‘फरक नाही’ असे सांगणारे संशोधन तर आपल्याकडे बातमीच ठरत नाही. खुब्याचे हाड मोडलेल्या ज्येष्ठांना पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यावी की पूर्ण भूल द्यावी, यावर घरोघरी छातीठोक सल्ले दिले जातात. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या १,६०० रुग्णांवरच्या चाचणीने दाखवले की साठ दिवसांनी मृत्यू किंवा चालता न येणे याचे प्रमाण पाठीतल्या इंजेक्शनने १८.५ टक्के, पूर्ण भूल देऊन १८. शस्त्रक्रियेनंतर भ्रमिष्टासारखे होण्यातही मोठा फरक नव्हता. किती नातेवाइकांच्या जिवाची घालमेल एका बातमीने कमी झाली असती! पण ‘दोन्ही सारखेच’ हा मथळा कोण देणार?

तेव्हा पुढच्या रविवारी यंत्रमानवाच्या चित्रातून चार बोटे जागा काढा आणि शस्त्रक्रियेआधी काय, किती तास आधीपर्यंत चालते याचा साधा तक्ता छापा. खाली एक ओळ घाला, ‘कोणती औषधे, कोणती इंजेक्शने घेता ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगा आणि पाण्याबद्दल त्यांनाच विचारा.’ लोक कात्रण काढून वॉर्डात नेतील.

हे पत्र छापताना मेंडेल्सनचा परिच्छेद कृपया कापू नये. मागच्या पत्रातले आकडे गाळून आपण फक्त माझा संताप छापला होता.

आपला,
एक जुना वाचक