पोरगं हाताबाहेर गेलेलं नाही

गंगापूर रोड, नाशिक
५ सप्टेंबर

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "पोरगं हाताबाहेर गेलं" असे म्हणालास. तुझा रोहन जूनपासून अकरावीसाठी आमच्याकडे राहत असल्याने त्याचे वागणे मी रोज पाहतो, आणि तुझे म्हणणे मला मान्य नाही. फोनवर आपले बोलणे नेहमीप्रमाणे भांडणावर गेले असते, म्हणून सविस्तर लिहितो: या वयात मेंदू अजून घडत असतो, आणि त्याच्या वागण्याचे कारण त्यातच आहे.

मेंदू वापरातून घडतो, हे भाषेच्या बाबतीत फार लवकर दिसते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' हे ध्वनी ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र फार थोड्यांना. कानात कसलाच दोष नव्हता, पण घरच्या बोलण्यात ज्या भेदाला अर्थ नाही, त्याकडे लक्ष देणे मेंदूने सोडले होते.

तू द्राक्षबागायतदार, छाटणीचे महत्त्व तुला मी काय सांगणार? पौगंडावस्थेत मेंदूतही मोठी छाटणी चालते. पेशींमधील वापरात नसलेले जोड कमी होतात आणि उरलेल्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचे आवरण चढून संदेश वेगाने जाऊ लागतात. (ही कात्री बापाच्या हातात नसते, एवढा फरक लक्षात ठेव.) परिणामांचा विचार करणारा आणि आवेग आवरणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीपर्यंत पक्व होतो, मौजेची आणि कौतुकाची ओढ लावणारी यंत्रणा मात्र त्याच्या कितीतरी आधी जोर धरते.

म्हणूनच दुपारी माझ्याशी हेल्मेटविषयी अगदी शहाण्यासारखा बोललेला रोहन त्याच संध्याकाळी कॉलेज रोडवर मित्राच्या स्कूटरवर तिघांत मधला, उघड्या डोक्याने, खिदळत बसलेला मला दिसला. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये नेमके हेच मांडले: गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात सोबत मित्र असले की किशोरवयीन मुले एकटी असतानापेक्षा बरीच जास्त जोखीम घेत, प्रौढांवर मात्र सोबतीचा विशेष परिणाम होत नसे. रोहनला धोका कळत नाही असे नव्हे. मित्रांसमोर त्या कळण्याचे वजन कमी पडते.

सकाळच्या झोपेवरून तू त्याला आळशी म्हणतोस, तेही सोडून दे. या वयात झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, आणि कॉलेज तर सातला भरते. चहाचा कप हातात धरून तो बसल्या बसल्या पेंगतो, हे सोंग नाही. मोबाइल त्यात भर घालतो, हे खरे. रात्री दहानंतर त्याचा मोबाइल आता आमच्या दिवाणखान्यात राहतो.

मेंदू अपुरा म्हणून सगळे माफ, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. तो कितीही रुसला तरी मोटारसायकलची किल्ली मी देत नाही, तूही देऊ नकोस. अठरा पूर्ण झाल्याशिवाय गिअरच्या गाडीचा परवाना मिळत नाहीच. दिवाळीत तो घरी आला की हा विषय जरूर काढ, पण चुलत भावंडांच्या देखत नको. त्याला एकट्याला बागेत घेऊन जा, आणि आधी त्याचे सगळे ऐकून घे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव